लोणारचा धडा

शिक्षण संपले की मनुष्य शिकवू लागतो, अशी आपल्याकडे एक रूढ समजूत आहे. पदवी पदरात पडली, नेमणूक झाली आणि गुरुजी खुर्चीवर बसले, की त्यांचे शिकणे आटोपले असे समाज धरून चालतो; आणि खेदाची गोष्ट ही की, कित्येक गुरुजीही तसेच धरून चालतात. आपल्या पूर्वजांची दृष्टी मात्र अशी नव्हती. तैत्तिरीय उपनिषदात विद्या संपादून निघालेल्या शिष्यास आचार्य जो उपदेश करतात, त्यात स्वाध्याय आणि प्रवचन ही दोन कर्तव्ये एकाच समासात गुंफलेली आहेत. स्वतः अभ्यासणे आणि दुसऱ्यास सांगणे यांची फारकत त्या ऋषीस मान्य नव्हती. हा उपदेश केवळ शोभेचा नव्हे, हे ज्यास पडताळून पाहावयाचे असेल, त्याने बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या विवराचा इतिहास पाहावा. तेथे एकाच प्रश्नाचे उत्तर शिकविणाऱ्यांस पुनःपुन्हा नव्याने शिकावे लागले आहे.

प्रश्न अगदी साधा आहे. सपाट, काळ्या कातळाच्या मुलुखात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा, दीडशे मीटरांच्या आसपास खोलीचा हा वाटोळा खड्डा पडला कसा, आणि त्यातील पाणी खारट का? पुराणिकाचे उत्तर असे की, येथे भूमीखाली लवणासुर राहत असे. विष्णूने त्याचा वध केला व तो दैत्यसूदन झाला. त्या नावाचे सुंदर मंदिर लोणार गावात आजही उभे आहे. पुढे अबुल फजलच्या आइन-इ-अकबरीत लोणारचा उल्लेख येतो तो तेथील क्षारासाठी. कारण काच आणि साबण यांच्या कामी तो क्षार उपयोगी पडे. १८२३ साली अलेक्झांडर नामक इंग्रज अधिकाऱ्याने हे स्थळ पाहिले आणि युरोपीय पंडितांचे लक्ष तिकडे गेले.

या पंडितांनी दिलेले उत्तर ज्वालामुखीचे होते, आणि ते अविचाराने दिलेले नव्हते. सारे दख्खनचे पठार ज्वालामुखीच्या रसाचे बनलेले. तेव्हा त्यातील वाटोळे विवरही त्याच अग्नीचे कार्य असावे, हे अनुमान सहज सुचणारे होते. कोणी म्हणे भूगर्भातील वायूचा स्फोट झाला, कोणी म्हणे जमीन खचली. १८९६ साली गिल्बर्ट या थोर अमेरिकन भूशास्त्रज्ञाने गृहीतके कशी जन्मतात यावर एक व्याख्यान प्रसिद्ध केले. विषय ॲरिझोनातील एका विवराचा. उल्का पडून ते झाले काय, हा पक्ष त्याने स्वतः मोजमाप करून तपासला, अखेर नाकारला, आणि वाफेच्या स्फोटाचा पक्ष धरला. त्या विवराचे साम्य लोणारशी आहे, हेही त्याने नमूद केले. त्याचा निष्कर्ष पुढे दोन्ही स्थळी चुकीचा ठरला. त्याची रीत मात्र आजही विद्यार्थ्यांस वाचावयास देण्यासारखी आहे.

ज्वालामुखीच्या पक्षात एक अडचण होती. दख्खनचा अग्नी शांत होऊन सुमारे साडेसहा कोटी वर्षे लोटली, आणि लोणारचे काठ तर अजून इतके शाबूत! १९६४ साली लाफाँ व डीट्झ यांनी हे उल्काविवर असावे काय, असा प्रश्न उघडपणे मांडला. पुढे तळ्याच्या तळाशी छिद्रे पाडून खोलवरचे खडक वर काढण्यात आले, आणि १९७३ साली अमेरिकन व भारतीय शास्त्रज्ञांनी मिळून निकाल प्रसिद्ध केला. त्या खडकांत मॅस्केलिनाइट सापडले होते. म्हणजे प्रचंड आघाताच्या दाबाने, न वितळता, काचरूप झालेले खनिज. असा दाब ज्वालामुखीत उत्पन्न होत नाही. चंद्रावरील विवरेही अशाच जातीच्या खडकांत पडलेली असल्यामुळे, या आडवळणाच्या गावाकडे साऱ्या जगाचे लक्ष वेधले.

आता मेहकरच्या किंवा चिखलीच्या एखाद्या शिक्षकाची अवस्था वाचकांनी मनात आणावी. वीस वर्षे त्याने मुलांस ज्वालामुखी सांगितला. एके दिवशी वर्गातला मुलगा वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन उभा राहतो. त्या क्षणी शिक्षकापुढे दोनच वाटा असतात. मुलास खाली बसवावे, अथवा त्याच्या शेजारी बसून ते कात्रण वाचावे. पहिल्या वाटेने त्याचा मान तासापुरता राहील, दुसरीने कायमचा. बरे, हे एकदा करूनही सुटका नाही. विवराचे वय पन्नास हजार वर्षांच्या आसपास मानले जात होते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या गणनेने ते सुमारे ५,७०,००० वर्षांवर नेले. २०२० च्या जून महिन्यात तळ्याचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. पाणी आटून क्षार वाढला व क्षारप्रिय सूक्ष्मजीव माजले, असा त्याचा उलगडा झाला. परंतु मुलांचा प्रश्न त्या उलगड्यापूर्वीच, आणि पाठ्यपुस्तकाच्या फार आधी, शिक्षकाच्या दारी येऊन ठेपला असेल.

ही गोष्ट केवळ विज्ञानाची नव्हे. लोणार आणि मेहकर ही स्थळे लीळाचरित्रातही येतात. श्रीचक्रधरांचे वास्तव्य तेथे घडले. तो ग्रंथ सिद्ध करणारा म्हाइंभट मूळचा विद्येचा अभिमान बाळगणारा पंडित. तोच पुढे शिष्य झाला, आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात अनुयायांस गाठून, विचारून, त्याने एकेक लीळा गोळा केली. विचारणाऱ्याच्या आसनावर बसण्यात त्या पंडितास कमीपणा वाटला नाही. याच जिल्ह्यातील नरवेल गावी १९०८ साली जन्मलेले डॉ. विष्णु भिकाजी कोलते यांनी आयुष्यभर मराठीची प्राध्यापकी केली. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरुपदही भूषविले. १९७२ साली त्या पदावरून उतरल्यावर ते लीळाचरित्राच्या पोथ्यांकडेच वळले. पाठभेदांच्या त्या अरण्यातून त्यांनी काढलेली आवृत्ती १९७८ साली निघाली, तेव्हा त्यांचे वय सत्तर होते. ज्या विषयाचे आपण अधिकारी गणले जातो, त्याचे मूळ अक्षर पुन्हा वाचावयास बसणे, यास मी स्वाध्याय म्हणतो.

यावर कोणी म्हणेल, शिक्षकच जर शिकाऊ, तर मुलांनी विश्वास ठेवावा कशावर? आक्षेप वाजवी आहे. शिक्षक व विद्यार्थी यांचे ज्ञान समान असते, असे माझे म्हणणे मुळीच नाही. शिक्षक पुष्कळ पुढे असतो, असलाच पाहिजे. परंतु तो पुढे असतो तो त्याच रस्त्यावर. मुक्कामी पोचून विसावलेला नसतो. आज आपण अमुक मानतो ते कोणत्या पुराव्यावर, आणि कोणता पुरावा आला असता ते सोडू, एवढे ज्यास सांगता येते, त्याच्यावर विश्वास ठेवावयास हरकत नाही. उत्तर बदलले तरी त्याने दिलेली परीक्षेची रीत विद्यार्थ्याजवळ शिल्लक राहते. लोणारच्या काठावर सहलीस नेलेल्या मुलांस विवराचा व्यास कोणीही सांगेल. हे उत्तर आपल्यास कसे लाभले, त्यापूर्वी कोणती उत्तरे होती व ती का टाकावी लागली, हे सांगणारा शिक्षक मिळाला, तरच ती सहल सार्थकी लागली म्हणावयाची.