काचेला हरवणारा दगड

भिंगातून जाताना निळा किरण तांबड्यापेक्षा जास्त वळतो. दोघांची गाठ एका जागी पडत नाही आणि फोटोत पांढऱ्या बगळ्याच्या पंखांना जांभळी कड येते. यावर इलाज नाही असे मानून न्यूटनने दुर्बिणीत सरळ आरसा बसवला. 1758 मध्ये लंडनच्या जॉन डॉलंडने क्राउन आणि फ्लिंट या दोन काचांच्या जोडभिंगाचे पेटंट घेतले. एकीने पसरवलेले रंग दुसरी आवरते, पण पुरते नाही. तांबडा-निळा जुळले तरी हिरवा किंचित बाजूला राहतो. छोट्या लेन्समध्ये हे खपून जाते, लांब पल्ल्याच्या लेन्समध्ये नाही.

खरा तोडगा सापडला तो फ्लुओराइट या खनिजात. रंग किती कमी पसरतात हे सांगणारा ‘आबे अंक’ साध्या क्राउन काचेचा साठीच्या आसपास, तर फ्लुओराइटचा तब्बल 95. हा अंक ज्याच्या नावाचा, त्या जर्मनीतल्या येनाच्या एर्न्स्ट आबेने 1884 साली काचतज्ज्ञ ओटो शॉट आणि सूक्ष्मदर्शक बनवणारे झाइस यांच्याबरोबर खास काचेचा कारखाना काढला. तिथे बोरॉन, फॉस्फरस घालून नवनव्या काचा ओतल्या गेल्या. तरीही 1886 च्या आपल्या उत्तम सूक्ष्मदर्शकासाठी आबेला फ्लुओराइट घ्यावाच लागला! स्वित्झर्लंडच्या डोंगरातले स्फटिक त्याला पुरले, कारण सूक्ष्मदर्शकाचे भिंग मसुराच्या दाण्याएवढे. कॅमेऱ्याच्या टेलिफोटोला हवे तळहाताएवढे, आणि तेवढा निर्मळ खडा खाणीत मिळणे जवळपास अशक्य.

मग तो भट्टीतच वाढवायचा. वितळवून अतिशय सावकाश थंड करायचा, घाई झाली की तडा. कॅननने हे साधले आणि 1969 मध्ये फ्लुओराइटची 300 मिलिमीटर लेन्स बाजारात आणली. पण स्फटिक मऊ, घासायला वेळखाऊ, उष्णतेने फुगणारा. कॅननच्या मोठ्या लेन्स पांढऱ्या असतात त्या ऊन कमी शोषावे म्हणून. मिरवण्यासाठी नव्हे, निदान सुरुवातीला तरी.

निकॉनने दुसरी वाट धरली: दगडाचा गुण काचेत उतरवायचा. 1970 च्या दशकाच्या आरंभी तिची रंग कमी पसरवणारी ‘ईडी’ काच आली. पुढे फ्लोरिन आणि फॉस्फेट मिसळून केलेल्या काचांनी आबे अंक 95 च्या अगदी जवळ नेला. ओतताना फ्लोरिन उडून जातो आणि काचेत रेषा पडतात, म्हणून त्या आजही महाग.

एवढे करून 2013 मध्ये निकॉनने 800 मिलिमीटरच्या लेन्समध्ये फ्लुओराइटच बसवला. तो अशा खास काचांपेक्षा हलका असतो.