पाण्यात चालणारे धातुशोधक यंत्र

आमच्या कवठे येमाईपासून समुद्र काही जवळ नाही. शिरूर तालुका सोडावा, पुणे ओलांडावे, घाट उतरावा, तेव्हा कोठे कोकणपट्टी लागते. असे असूनही अलीकडे मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. समुद्रकाठच्या वाळूत हरवलेल्या वस्तू शोधावयाचे, पाण्यात भिजले तरी चालणारे मेटल डिटेक्टर कोणते घ्यावे? विचारणारे बहुतेक कॉलेजातले विद्यार्थीच. अलिबागला किंवा काशिदला सहल जाते, कोणाची तरी अंगठी लाटेत जाते, आणि मोबाईलवर कोठला तरी परदेशी गृहस्थ गुडघाभर पाण्यातून तशीच अंगठी वर काढताना दिसतो. मी इतिहास शिकवितो, यंत्रे विकीत नाही. पण या यंत्रालाही इतिहास आहे, आणि तो फिरत फिरत आमच्या घोड-कुकडीच्या खोऱ्यापर्यंत येऊन पोहोचतो.

वाळूमातीतून धातू वेगळा काढण्याची विद्या आपल्याकडे जुनीच आहे. सराफकट्ट्यावर झारेकरी असत, ते याच विद्येवर पोट भरीत. सोनाराच्या दुकानातला केर, भट्टीची राख, दारापुढच्या गटारातला गाळ ते विकत घेत आणि पसरट भांड्यात पाण्याने हलवून धूत. सोने पाण्याच्या एकोणीसपट जड, वाळू जेमतेम अडीचपट. माती वाहून जाते आणि कण तळाशी राहतो. नाशिकला गोदेत आणि पंढरपूरला चंद्रभागेत पोरे दोरीला लोहचुंबक बांधून नाणी काढतात, ती दुसरी तऱ्हा. ती चालते, कारण आपली हल्लीची पुष्कळशी नाणी पोलादाची आहेत. सोने, चांदी, तांबे यांना चुंबक ओळखतसुद्धा नाही. आणि जमिनीत पुरलेल्या धनासाठी आपल्याकडे पायाळू माणूस शोधीत, हे सर्वांना ठाऊकच आहे. त्याला अंजन घालावयाचे आणि जमिनीखालचे हंडे दिसतात का ते विचारावयाचे! त्या पायाळूंपैकी किती जणांना हंडा दिसला याची नोंद कोठे नाही.

विजेच्या साहाय्याने धातू हुडकण्याचा पहिला गाजलेला प्रयोग मात्र जमिनीवर झालाच नाही, तो एका माणसाच्या शरीरावर झाला. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. गोळी आत कोठे अडकली ते डॉक्टरांना कळेना. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल तारेची वेटोळी आणि टेलिफोनचा कर्णा घेऊन आले. धातू जवळ आला की कर्ण्यात आवाज व्हावा, अशी योजना. आवाज झाला खरा, पण तो जिकडे तिकडे होऊ लागला. अंथरुणात पोलादी स्प्रिंगा होत्या! शिवाय मुख्य डॉक्टरांनी गोळी उजव्या बाजूला आहे असे धरून तेवढीच बाजू तपासू दिली. सप्टेंबरात अध्यक्ष वारले, आणि शवचिकित्सेत गोळी डाव्या बाजूला निघाली. यंत्र चूक नव्हते. कोठे शोधावयाचे हे माणसांनी आधीच ठरवून टाकले होते.

पुढे १९३७ साली गेरहार्ड फिशर या जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या इंजिनिअराला अशा यंत्राचे पेटंट मिळाले. दुसऱ्या महायुद्धात योझेफ कोसात्स्की या पोलिश लेफ्टनंटाने सुरुंग शोधणारे, एका शिपायाला उचलता येईल असे यंत्र तयार केले. वजन चौदा किलोच्या आतबाहेर. १९४२ साली एल अलामेनच्या वाळवंटात ते कामी आले. कोसात्स्कीने त्याचे पेटंट घेतले नाही. युद्ध संपल्यावर ही यंत्रे स्वस्तात बाजारात आली, आणि सुरुंगाऐवजी नाणी शोधण्याचा छंद अमेरिकेत आणि इंग्लंडात सुरू झाला.

यंत्र काम करते ते असे. दांड्याच्या टोकाला तारेचे वेटोळे असते. त्यातून सारखा बदलता प्रवाह सोडला की भोवती बदलते चुंबकक्षेत्र तयार होते. खाली धातू असला की त्यात विजेचे लहान लहान भोवरे उठतात, आणि त्यांचा परतलेला परिणाम यंत्राला ऐकू येतो. आता अडचण अशी, की मिठाचे पाणीही वीज वाहून नेते. म्हणजे ओली वाळू स्वतःच बोलू लागते. त्यात आपले कोकण. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळ्या वाळूचे पट्टे आहेत, त्यात लोहयुक्त खनिजे भरलेली. सह्याद्रीचा काळा दगडही लोहचुंबकी कणांनी भरलेला. परदेशातल्या पांढऱ्या वाळूवर गोड चालणारे यंत्र आपल्याकडे बडबड करू लागते, ते यामुळे.

म्हणून घेणाऱ्याने आधी एवढे पाहावे, की यंत्र एकाच कंपनसंख्येवर चालते की एकदम अनेक. एकावर चालणारी स्वस्त यंत्रे कोरड्या वाळूत ठीक, ओलीत वेडी होतात. अनेक कंपनसंख्यांची यंत्रे मिठाचा आवाज बराच वजा करू शकतात. तिसरा प्रकार स्पंदनाचा, म्हणजे प्रवाहाचा ठोका देऊन थांबावयाचे आणि प्रतिध्वनी ऐकावयाचा. हा काळ्या वाळूला आणि खाऱ्या पाण्याला डगमगत नाही, खोलवर पोहोचतो. पण खिळा आणि अंगठी यांत त्याला फारसा भेद कळत नाही, दिवसभर गंजके लोखंड उकरीत बसावे लागते. नवशिक्याने दुसऱ्या प्रकाराकडे जावे असे माझे मत.

‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर भुलू नये. कित्येक यंत्रांचे नुसते वेटोळे भिजलेले चालते, वरची पेटी नव्हे. किती मीटरपर्यंत, हे विचारावे. गुडघाभर पाण्यात हिंडणाऱ्याला तीन मीटरची हमी पुरते. पाणबुड्यांची यंत्रे साठ मीटरपर्यंत जातात, पण ती आपल्याला काय करावयाची? बिनतारी हेडफोन पाण्याखाली मुके होतात, तेथे तारेचेच हवेत. खोदायला घरातल्या झाऱ्यासारखे भोकांचे लोखंडी फावडे घ्यावे, म्हणजे वाळू गळून जाते. आणि घरी आल्यावर सगळे गोड्या पाण्याने धुवावे, नाहीतर मीठ एका पावसाळ्यात यंत्र खाऊन टाकते.

वेळ ओहोटीची. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणानंतर पाणी सर्वांत मागे हटते, तेव्हा एरवी बुडालेली वाळू उघडी पडते. भांगाच्या दिवसांत तेवढा लाभ नाही. लाट जेथे दमते तेथे जड वस्तू बसतात, झारेकऱ्याच्या भांड्यातला न्याय इथेही आहे. किनाऱ्याला समांतर, सावकाश, वेटोळे वाळूला जवळजवळ टेकवून चालावे. एक गोष्ट विकणारे सांगत नाहीत. सोन्याची बारीक अंगठी आणि चॉकलेटची चांदी यांचा आवाज जवळपास सारखाच असतो. चांदीचा आवाज नको म्हणून यंत्राला गप्प केले, की अंगठीही गप्प होते. तेव्हा कचरा उकरावाच लागतो. तो उकरला की खिशात घालावा, परत टाकू नये. आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत वेळास, आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत कासविणींची अंडी हातभर खोल असतात. तिकडे फावडे चालवूच नये.

बरे, येथवर ठीक. समुद्राची वाळू रोज उलथीपालथी होते. तेथे सापडलेल्या अंगठीची जागा लाटेने आधीच पुसलेली असते. पण यंत्र एकदा हातात आले की माणूस समुद्राची वाट पाहात नाही. तो घरामागची नदी गाठतो. आमच्या बाबतीत ही नदी म्हणजे घोड.

शिरूर तालुक्यातच, घोडकाठी, इनामगाव आहे. १९६८ पासून सुमारे पंधरा वर्षे डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी, सांकलिया, अन्सारी, ढवळीकर यांनी, तेथे उत्खनन केले. इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वसाहत निघाली. घरांच्या जमिनी, चुली, धान्याची पेवे, जळके जव, दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत पुरलेली लहान मुले. तांबे अगदी थोडे. एखादा मणी, एखादे लहानसे हत्यार. आता कल्पना करा, त्या पांढरीवर कोणी यंत्र घेऊन फिरला असता तर त्याला काय ऐकू आले असते? फक्त तो मणी. आणि मणी काढण्यासाठी त्याने जो खड्डा केला असता, त्यात चूल गेली असती, जव गेले असते, मुलाचे मडके फुटले असते.

दायमाबादचे उदाहरण याहून बोलके आहे. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेकाठी, १९७४ साली झाडाचे मूळ उकरताना एका शेतकऱ्याला चार ब्राँझच्या वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ हाकणारा माणूस. सर्वांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. महाराष्ट्रात असा दुसरा शोध नाही. त्या बापड्याचा काही दोष नव्हता, तो मूळच काढीत होता. पण वस्तू कोणत्या थरात होत्या ते पाहायला जाणकार हजर नव्हते. म्हणून कित्येक विद्वान त्यांना उत्तर हडप्पाकालीन म्हणतात, तर दुसरे धातूतल्या सोमलाचे प्रमाण पाहून शंका घेतात. पुढे तेथे रीतसर उत्खनन झाले, तरी वाद मिटला नाही.

आणि दिवेआगर तर समुद्रकाठचेच. १९९७ साली सुपारीच्या बागेत खणताना गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला. मार्च २०१२ मध्ये दरोडा पडला, दोन पहारेकरी मारले गेले आणि चोरांनी मुखवटा वितळवून टाकला. हस्तगत झालेल्या सोन्यातून नवा मुखवटा घडवून २०२१ साली बसविला. भाविकांचे समाधान झाले, ते योग्यच. जुन्या सोनाराच्या हाताची खूण मात्र त्या सोन्यात आता नाही.

इंग्लंडने या छंदाला वेगळी वाट दिली. १९९७ पासून तेथे सापडलेली वस्तू आणि तिची जागा नोंदवून घेण्याची सरकारी योजना आहे, आणि तिच्यात दहा लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या आहेत. आपल्याकडे तशी योजना नाही, कायदा मात्र आहे, आणि तो १८७८ चा. जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले तर कलेक्टरला लेखी कळवावयाचे. न कळविल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. मालक कोणी ठरला नाही आणि दोघांत वेगळा करार नसला, तर तीन हिस्से सापडविणाऱ्याचे, चौथा जमीनमालकाचा. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा अधिक देऊन ते घेऊ शकते. समुद्रावर सापडलेली कालपरवाची अंगठी यात येत नाही. तिचा मालक शोधून ती परत करावयाची. पण घोडकाठी काही वाजले, तर कलेक्टरकडे द्यावयाच्या त्या कागदात तीन गोष्टी लिहाव्या लागतात: काय आणि किती सापडले, कोणत्या जागी सापडले, आणि कोणत्या तारखेला.