घोडा गेला, सीट आली

रविवारी पहाटे नंदी हिल्सचा चढ सुरू होण्याआधी सायकलवाल्यांचा घोळका थांबतो. तिथे गिअर आणि टायर यांपेक्षा जास्त चर्चा होते ती बुडाची. कुणाला तासाभरात मुंग्या येतात, कुणाची जांघ सोलवटते, तर कुणाची नवी कोरी इटालियन सीटही चावते. बेंगळुरूत या दुखण्याची लाज आता कुणाला वाटत नाही. जयनगरातल्या एका नावाजलेल्या सायकल दुकानाने तर स्वतःचे नावच ‘बम्स ऑन द सॅडल’ ठेवले आहे.

या सीटचे मूळ थेट घोड्यापाशी जाते. १८१७ मध्ये जर्मनीतल्या मानहाइम इथे कार्ल फॉन ड्राइसने जे दुचाकी यंत्र चालवले, त्याला पेडल नव्हते. बसायचे आणि पायांनी जमीन ढकलत पळायचे. शरीराचा बराच भार पायांवर असल्याने लाकडी दांडीवरची जाड गादी त्याला पुरली. १८६० च्या दशकात पॅरिसवाल्यांनी पुढच्या चाकाला पेडल लावले, पाय जमिनीवरून उचलले गेले आणि सगळे ओझे बुडावर आले. चाके लाकडाची, त्यांवर लोखंडी धाव आणि खाली दगडी फरसबंदी! इंग्रजांनी या वाहनाला हाडे खिळखिळी करणारे म्हटले ते उगीच नाही. डनलॉपचा हवेचा टायर यायला १८८८ उजाडायचे होते, तोवर सीटखाली लांबलचक स्प्रिंगपट्टी लावून लोक दिवस काढत होते.

मग आला बर्मिंगहॅमचा जॉन बोल्टबी ब्रुक्स. १८६६ पासून त्याचा धंदा घोड्यांच्या साजाचा. कंपनी सांगते ती गोष्ट अशी, की १८७८ मध्ये त्याचा घोडा मेला, नवा घ्यायला पैसे नव्हते, म्हणून उसनी सायकल घेतली आणि तिच्या सीटने त्याचे हाल केले. गोष्टीला मीठमसाला लागला असेलही, पण १८८२ मधले त्याचे पेटंट खरे आहे. ब्रुक्सच्या सीटमध्ये गादी नसतेच. पुढच्या टोकापासून, म्हणजे सीटच्या नाकापासून, मागच्या पट्टीपर्यंत जाड कातडे झोळीसारखे ताणून रिव्हेटांनी ठोकलेले असते. पहिले काही शे किलोमीटर ते दगडासारखे लागते. मग बसणाऱ्याच्या हाडांखाली दोन उथळ खळगे पडतात आणि सीट त्याचीच होऊन जाते. कातडे सैल पडले की नाकाखालचा नट पान्याने थोडा आवळायचा.

आपल्याकडच्या ॲटलस, हर्क्युलस आणि हिंद सायकलींवरची रुंद सीट याच घराण्यातली, मागे दोन गुंडाळी स्प्रिंगा असलेली. दूधवाला, पोस्टमन, शिक्षक, सगळे तिच्यावर ताठ बसले. ताठ बसलेल्या माणसाचा भार बैठकीच्या दोन हाडांवर सरळ उतरतो, तेव्हा रुंदी आणि स्प्रिंग दोन्ही उपयोगी पडतात. पावसाळ्यात तिच्यावर प्लास्टिकची पिशवी चढायची, कारण भिजलेल्या कातड्यावर बसले की ते ताणले जाऊन बिघडायचे.

रोड बाइकवर हा हिशेब उलटतो. हँडल खाली असते, चालवणारा पुढे वाकतो, कटिभाग फिरतो आणि भार हाडांवरून पुढच्या नाजूक भागावर सरकतो. रुंद सीट तर मांड्यांना घासते. म्हणून शर्यतीची सीट निमुळती झाली. १९६० च्या दशकात इटलीच्या चिनेल्ली कंपनीने प्लास्टिकच्या कवचाची सीट आणली आणि कातड्याची सद्दी ओसरू लागली. वजन घटले, पावसाची भीती गेली. पण कातडे जसे माणसाप्रमाणे बदलायचे तसे प्लास्टिक बदलत नाही. माझ्या मते आजच्या निम्म्या तक्रारींचे मूळ इथे आहे.

मधे भोक असलेली सीट ही आजची फॅशन वाटते, पण १८९० च्या दशकातच अमेरिकेत ‘क्रिस्टी’ नावाची सीट विकली जात होती. दोन हाडांना दोन वेगळ्या गाद्या आणि मधे मोकळी जागा! पुढे ही कल्पना मागे पडली. १९९७ च्या सुमारास बॉस्टनचे मूत्ररोगतज्ज्ञ अर्विन गोल्डस्टीन यांनी सीटमुळे नस आणि रक्तवाहिनी दाबली जाते असा इशारा दिला आणि पुरुषांची झोप उडाली. बायका याच कारणाने त्याआधीपासून कुरकुरत होत्या, पण त्यांचे ऐकून फारशी खळबळ माजली नव्हती. त्यानंतर स्पेशलाइज्ड या सायकल कंपनीने डॉक्टर रॉजर मिन्कोव्ह यांच्याकडून मधे खाच असलेली सीट करवून घेतली. अलीकडे सीटचे नाकही आखूड झाले आहे.

बेंगळुरूला ही सगळी पिढ्यान्‌पिढ्यांची उलथापालथ एका दमात पचवावी लागली. २००८ मध्ये टूर ऑफ नीलगिरीज ही सायकलस्वारी सुरू झाली, २००९ मध्ये सर्जापूर रस्त्यावर डेकॅथलॉन हे खेळसाहित्याचे दुकान आले आणि लहानपणी ॲटलसवर ताठ बसलेली माणसे आयटीतल्या पगारावर एकदम वाकलेल्या सायकलींवर बसली. दुखू लागल्यावर त्यांनी पहिला उपाय केला तो जेलच्या कव्हराचा. पण ही खोगीरभरती उलटी बाधते. हाडे मऊ जेलमध्ये रुततात आणि दबलेले जेल मधे वर येऊन नेमके नको तिथे टोचते.

त्यापेक्षा घरीच माप घ्या. खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा जिन्याच्या पायरीवर ठेवा, त्यावर बसा, टाचा उचला आणि पुढे वाका. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटतील. त्यांच्या मध्यांमधले अंतर मोजा आणि त्यात वीस ते तीस मिलिमीटर मिळवा. बाजारात १४३ आणि १५५ मिलिमीटरच्या सीट सहज मिळतात, त्यांतली जवळची निवडा. बसवताना ती आधी पाणसळीने समतल करा. नाक जरा खाली घ्यायचे असेल तर एक-दोन अंशच. त्याहून जास्त झुकवलीत तर घसरून सगळा भार मनगटांवर येईल. आणि दुकानदाराला आधीच विचारा, आठवडाभर चालवून नाही जमली तर परत घ्याल का? हो म्हणणाऱ्याकडूनच घ्या.