पीस कार्यक्रम, उत्तर आयर्लंड

हिंसाचारातून सावरणाऱ्या समाजासाठी युरोपीय संघाने १९९५ मध्ये सुरू केलेली अर्थसाहाय्य योजना. कार्यक्षेत्र उत्तर आयर्लंड व आयर्लंड प्रजासत्ताकाचे सीमावर्ती परगणे. तिथल्या कॅथलिक व प्रॉटेस्टंट समाजांमधल्या सुमारे तीस वर्षांच्या संघर्षात साडेतीन हजारांच्या आसपास माणसे मारली गेली. सशस्त्र गटांच्या १९९४ च्या शस्त्रसंधीनंतर हा निधी आला. त्याचे खरे वेगळेपण वाटपात होते. सगळा पैसा सरकारी खात्यांकडे न देता मोठा वाटा स्थानिक प्रतिष्ठाने व जिल्हा भागीदारी मंडळांमार्फत वस्तीपातळीवरच्या संस्थांना मिळाला: महिलांचे गट, पीडितांच्या संघटना, इतकेच नव्हे तर सुटून आलेल्या राजकीय कैद्यांचे गटही. कैद्यांच्या गटांना पैसा देण्यावर कडवट टीका झाली. पण बंदूक खाली ठेवणाऱ्याला वस्तीत जागा नसती, तर शांतता टिकणे अवघड झाले असते. अल्पमुदतीची अनुदाने आणि किचकट हिशेब यांनी लहान संस्था मात्र मेटाकुटीस येत. डेरी शहरात फॉइल नदीवर पादचारी व सायकलस्वारांसाठी बांधलेला पीस ब्रिज (२०११) याच निधीतला. एका काठावर वस्ती प्रामुख्याने कॅथलिक, तर प्रॉटेस्टंटांची मोठी वस्ती पलीकडच्या काठावर. ब्रेक्झिटनंतरही योजना ‘पीस प्लस’ (२०२१–२७) या नावाने चालू असून तिच्यात ब्रिटनही पैसा घालतो.