माळवदापासून गुंठ्यापर्यंत
कवठे महांकाळ हा सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडचा दुष्काळी भाग. पाऊस कमी, ऊन कडक. म्हणून घरे माळवदाची. मातीच्या जाड छताने आत गारवा राही. गावठाणातल्या अशा घरांना बाजारभाव फारसा नव्हता. मोल होते ते विहिरीच्या पाण्याला.

म्हैसाळ योजनेने कृष्णेचे पाणी वर आणले, द्राक्षबागा वाढल्या, रत्नागिरी-नागपूर महामार्ग झाला. रस्त्याकडेचे माळरान गुंठ्यावर विकले जाऊ लागले.

१९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने लहान तुकड्यांच्या विक्रीला आळा घातला होता. तरीही गरजवंतांनी नुसत्या मुद्रांकावर गुंठे घेतले. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने शहरी भागातली अशी घरे नियमित करण्याची वाट काढली. ज्यांना ती लाभली नाही, त्यांच्या डोक्यावर पक्का स्लॅब आहे. सातबाऱ्यावर मात्र नाव जुन्या मालकाचेच.