खांदेरी दीपगृह

महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील दीपगृह. अलिबाग तालुक्यातील थळच्या किनाऱ्यासमोरील खांदेरी बेटावर ते १८६७ मध्ये उभारण्यात आले. याच बेटावर छ. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये जलदुर्ग बांधावयास घेतला, तेव्हा इंग्रजांनी सशस्त्र विरोध केला होता. पुढे त्यांनाच मुंबईच्या वाटेवरील जहाजांसाठी येथे दिवा लावावा लागला, हे लक्षणीय होय.

या किनाऱ्यावर वर्षाकाठी २,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो व खाऱ्या वाऱ्याने लोखंड लवकर गंजते. त्यामुळे अशा ठिकाणी दिव्याच्या तेजाइतकीच त्याच्या आवरणाची निवड महत्त्वाची ठरते. एकोणिसाव्या शतकातील अनेक दीपगृहांत काचांच्या चौकटींसाठी काशासारखे, तांबे-कथिलाचे मिश्रधातू वापरीत. तेलाच्या ज्योतीस हवा मिळावी, पण पाणी आत येऊ नये, म्हणून छतावर झाकणीचे धुराडे असे. १९९८ मध्ये बेटास कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले.