फियाटची 'योग्य किंमत' कोणी ठरवायची?



मोबाईलवर जाहिरात येते: 'प्रीमियर पद्मिनी, फर्स्ट ओनर, ओरिजिनल कंडिशन.' खाली किंमत, काही लाखांत. फोटोत क्रोम चमकतंय, स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा आहे. मन म्हणतं घे, आणि डोकं म्हणतं, थांब, एवढे पैसे कशाचे?

हा प्रश्न या गाडीला जन्मापासून चिकटलाय. सरकारने तो विचारला, सुप्रीम कोर्टाने विचारला. म्हणून आज आधी इतिहास बघू आणि मग त्या जाहिरातीकडे परत येऊ.

कुर्ल्याचा कारखाना

सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स सुरू केली. कारखाना मुंबईत, कुर्ल्याला. सुरुवातीला तिथे डॉज आणि प्लिमथ या अमेरिकन गाड्या जोडल्या जायच्या. १९५० च्या दशकात इटलीच्या फियाटशी जम बसला. त्या काळातली गोलमटोल ११०० म्हणजे आपली 'डुक्कर फियाट', जिचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे. १९६४ मध्ये चौकोनी अंगाची '११०० डिलाइट' आली. १९७० च्या दशकात इटलीचं नाव गेलं, गाडी आधी 'प्रेसिडेंट' झाली आणि मग 'पद्मिनी'. साधारण तोच साचा, तेच १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, आणि हे २००० सालाच्या आसपासपर्यंत चाललं. साडेतीन दशकं! हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

कागदावरची किंमत

पंतप्रधान असताना लाल बहादूर शास्त्रींनी फियाट घेतली, ती गोष्ट तुम्ही ऐकली असेल. किंमत १२,००० रुपये, घरात होते ७,०००. उरलेल्या ५,००० साठी त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून कर्ज काढलं. १९६६ मध्ये ते गेले, आणि ते कर्ज ललिताबाईंनी आपल्या पेन्शनमधून फेडलं. देशाच्या पंतप्रधानाला जी गाडी कर्जाशिवाय झेपत नव्हती, ती सामान्य नोकरदाराला किती लांब असेल, विचार करा.

तरीही रांग होती, आणि वर्षानुवर्षांची होती. कारण देशात गाड्या बनवणाऱ्या कंपन्याच मोजक्या. किती गाड्या बनवायच्या ते लायसन्सवर ठरायचं, आणि विक्रीवर १९५९ पासून सरकारी नियंत्रण आदेश. कितीला विकायची, तेही सरकार सांगायचं. मग व्हायचं काय? ज्याच्या हातात गाडी आली, त्याला वरचे पैसे देणारे लोक दारात उभे. वापरलेली गाडी नव्या गाडीपेक्षा महाग, असा उलटा बाजार.

१९६९ मध्ये सरकारने ठरवलेले दर कंपन्यांना परवडेनात. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. तिथे अँबेसेडर, फियाट आणि स्टँडर्ड या तिन्ही गाड्यांच्या उत्पादनखर्चाचा हिशेब तपासला गेला. कच्चा माल, मजुरी, घसारा, आणि गुंतवलेल्या भांडवलावर १६ टक्के परतावा. म्हणजे 'योग्य किंमत' इथे एका सूत्रातून निघाली: बनवायला काय लागलं, अधिक वाजवी नफा. पण रांगेतला माणूस किती द्यायला तयार आहे, हे त्या सूत्रात कुठेच नव्हतं. ते बाहेर, काळ्या बाजारात ठरत होतं.

मग डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. हलकी, कमी पेट्रोल पिणारी. पद्मिनीचा रुबाब हळूहळू उतरला आणि ती मुख्यतः मुंबईची काळी-पिवळी म्हणून उरली. २० वर्षांची वयोमर्यादा लागल्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून गेली. आणि गेल्यावर सगळ्यांना तिची आठवण यायला लागली. आज जाहिरातीत जी किंमत दिसते, तिच्यात ही आठवणही धरलेली असते.

आता ती जाहिरात

पहिलं, साल. साचा साडेतीन दशकं जवळपास तोच, त्यामुळे १९६५ ची डिलाइट आणि १९९५ ची पद्मिनी नवख्या डोळ्याला सारखीच दिसते. किमतीत मात्र फरक पडायला हवा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार 'विंटेज' नोंदणीसाठी गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असावी लागते. १९८८ च्या गाडीला कोणी 'विंटेज' म्हणून भाव लावत असेल, तर तो शब्द जाहिरातीपुरताच आहे. आरसी बुकातलं साल, इंजिन नंबर, चॅसी नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळवून बघा.

दुसरं, ती आधी टॅक्सी होती का? रंग बदलता येतो, कागद बदलणं अवघड. दरवाज्याच्या आतल्या कडा, डिकीचा तळ, इंजिनची खोली बघा. जुना काळा-पिवळा रंग तिथे लपून राहतो.

तिसरं, आणि सगळ्यात महागडं: पत्रा. इंजिनचे भाग मिळतात, कुर्ल्याच्या स्पेअर बाजारात अजून शोधता येतात, आणि ते उघडणारे मेकॅनिकही आहेत. पण खालचा तळ गंजला असेल, तर पत्र्याचं काम कुठे थांबेल ते कोणी सांगू शकत नाही. कापडात गुंडाळलेलं साधं लोहचुंबक घ्या आणि बॉडीवर फिरवा. जिथे चिकटत नाही, तिथे रंगाखाली पुट्टी आहे.

चौथं, हिशेब. समजा, पूर्ण तयार गाडी पाच लाखांना विकली जाते. तुमच्या समोरची गाडी तीन लाखांची आहे आणि तिच्यावर अजून तीन लाखांचं काम आहे. मग स्वस्त दिसणारी ही गाडी सहा लाखांना पडली. शिवाय १५ वर्षांनंतरचं नोंदणी नूतनीकरण आणि ग्रीन टॅक्स वेगळा. आणि 'पाच लाख' हा आकडा दुसऱ्या जाहिरातीतून उचलू नका. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत या दोन वेगळ्या गोष्टी. क्लबातल्या लोकांना, मेकॅनिकला विचारा की गेल्या वर्षी अशी गाडी खरंच कितीला गेली.

उरते आठवण. विकणाऱ्या काकांसाठी ती त्यांच्या वडिलांची गाडी आहे. त्या भावनेचा मान ठेवा, चहा घ्या, गोष्ट ऐका. पण त्यांच्या आठवणीचे पैसे तुम्ही द्यायचे का, हे तुमचं तुम्ही ठरवा. ती तुमचीही आठवण असेल, तर थोडे जास्त दिले तरी हरकत नाही. फक्त गंजाचे आणि आठवणीचे पैसे वेगवेगळे मोजा.

जाता जाता एक काम. घरी आजी-आजोबांना विचारा: पहिली गाडी किंवा स्कूटर किती वर्षं थांबून मिळाली आणि वर किती द्यावे लागले? उत्तर आम्हाला व्हॉइस मेसेजने पाठवा. पुढच्या भागात त्यातले काही ऐकवू. तोवर, भेटूच!